अंदमानला जायलोत, दोघंही भटके : मुक्काम ५ नंबरला, राधानगरला की नीलला?

गोदाकाठचा_भटक्या (नांदेड)
नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि बायको अंदमानला जायलोत, आठवडाभर. हैद्राबादहून विमानाची तिकिटं झालीत, सुट्ट्याही मंजूर झाल्यात, अडलंय ते मुक्कामावर. आम्ही दोघंही बाहेर हिंडणारी माणसं. माहूर, कंधार, अंतूर तर झालंच, सह्याद्रीतही दरवर्षी कुठं ना कुठं चढाई असते. ही विहिरीत पोहायला शिकलेली, माझ्यापेक्षा चांगली पोहते. त्यामुळं खोलीत टीव्ही, बाथटब, फुलांचे हत्ती असलं काही नको. सकाळी उठून चालता यावं, पोहता यावं, पाण्याखाली बघता यावं, जंगल जवळ असावं, रात्री आडवं व्हायला स्वच्छ गादी असावी, बास.

हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) राहायचं एवढं कळलंय, पण तिथं ३ नंबर, ५ नंबर, ७ नंबर असे बीच आहेत आणि प्रत्येक रिसॉर्टवाला म्हणतोय आमचाच बीच भारी. कोणी म्हणतंय शेजारच्या नील बेटालाच जा, हॅवलॉक लई गजबजलंय. फोटो बघून बघून डोळे दुखायलेत. राहून आलेल्यांनी सांगा.

परळी_वैजनाथ
एवढ्या लांब कामून जायलात? आपलं मालवण-तारकर्ली हाय की. स्कुबा तिथंही होतं, मासे तिथंही मिळतेत, रात्री निघालं की दुसऱ्या दिवशी पोचतो.

गोदाकाठचा_भटक्या (नांदेड)
@परळी_वैजनाथ दादा, तारकर्ली झालंय आणि आवडलंही खूप. तिथूनच तर हे पाण्याखालचं येड लागलं. तिकिटं काढलीत आता, माघार नाही.

दौलताबादी (छ. संभाजीनगर)
मी डायव्हिंगसाठी जात असतो, त्यामुळं माझं मत आधीच सांगतो : ५ नंबर.

नंबरांचा घोळ आधी काढून टाका. बोट लागते तो जेट्टीचा भाग १ नंबर. बाजार, एटीएम, भाजी, मेडिकल हे सगळं ३ नंबरला, म्हणजे गोविंदनगर. ५ नंबर म्हणजे विजयनगर, पूर्वेचा किनारा. ७ नंबर म्हणजे राधानगर, पश्चिमेचा किनारा, जेट्टीपासून साधारण १२ किलोमीटर. ५ नंबरचा रस्ता तसाच पुढं काळापत्थरला जातो.

आता कारण. डायव्हिंगवाल्यांची दुकानं बहुतेक ३ आणि ५ नंबरच्या पट्ट्यातच आहेत आणि बोटी सकाळी लवकर सुटतात. तुम्ही राधानगरला राहिलात तर पहाटे अंधारात उठून जंगलातून बेट ओलांडून इकडं यायचं, डाइव्ह करून थकून परत तिकडं जायचं, रोज. त्यापेक्षा ५ नंबरला साधी झोपडी घ्या, स्कूटर भाड्यानं घ्या आणि राधानगरला संध्याकाळी जाऊन या. सूर्योदय दारात, सूर्यास्त राधानगरला.

आणि तुम्ही दोघं पोहणारे आहात तर नुसतं हात धरून खाली नेणारं डायव्हिंग करू नका. ते कुणालाही करता येतं, पोहता येत नसलं तरी, १२ मीटरच्या आतच नेतात. तुम्ही ओपन वॉटर कोर्स करा, तीन-चार दिवस लागतात. त्यात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं, वहिनींना ते सहज जमेल. मग १८ मीटरपर्यंत जोडीनं जायचा परवाना मिळतो, जगात कुठंही चालतो.

मांजराकाठ (लातूर)
दौलताबादी दादांचं डायव्हिंगपुरतं बरोबर आहे, पण प्रश्न डायव्हरचा नाही, भटक्या जोडप्याचा आहे. मी राधानगरच्याच बाजूनं बोलणार.

आम्ही दोघं ५ नंबरलाही राहिलो आणि ७ नंबरलाही. ५ नंबरला दुपारी पोहायला म्हणून टॉवेल घेऊन बाहेर आलो तर समुद्रच नाही! वाळू, मग चिखल, मग खडक, आणि पाणी पार तिकडं लांब चमकतंय. कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) वाळूत आडवी पडलेली. रिसॉर्टच्या फोटोत निळं पाणी पायरीला लागलेलं होतं, तो फोटो भरतीचा. बुकिंग करताना कुणी हे सांगत नाही.

राधानगरला तसं नाही. तिथं तळ वाळूचा आहे, त्यामुळं भरती असो ओहोटी असो, पोहता येतं. मागं उंच झाडांचं जंगल थेट वाळूपर्यंत येतं. २००४ साली टाइम मासिकानं त्याला आशियातला सर्वांत चांगला बीच म्हटलं होतं आणि २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारा ब्लू फ्लॅगही मिळाला. दिवसा गर्दी असते, मान्य, पण ती सगळी संध्याकाळी येते आणि अंधार पडला की पळते, कारण त्यांना ३-५ नंबरला परतायचं असतं. तुम्ही तिथंच राहात असाल तर सकाळी सहाला दोन किलोमीटरच्या वाळूवर तुम्ही, तुमची बायको आणि शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे. माझा नवरा चालत चालत पार टोकापर्यंत जायचा, वाळूवर फक्त त्याच्याच पावलांची ओळ असायची.

हो, राधानगरला प्रवाळ बघायला मिळत नाहीत, त्यासाठी एलिफंट बीचला जावं लागतं. पण त्याचा ट्रेक राधानगरच्याच रस्त्यावरून सुरू होतो, म्हणजे तिथं राहणाऱ्याला तेही जवळ.

उस्मानाबादी_शेळी
कामून सगळे फुलांच्या हत्तीला नावं ठेवायलेत, बिचाऱ्या पोरांनी मेहनतीनं टॉवेलचा हत्ती केलेला असतो 😄

बाकी खऱ्या हत्तीचं सांगतो. अंदमानात लाकूड ओढायला पूर्वी हत्ती नेलेले होते. त्यातला राजन नावाचा हत्ती हॅवलॉकला समुद्रात पोहायचा, लांबून लांबून लोक फोटो काढायला यायचे. २०१६ साली गेला तो.

गोदाकाठचा_भटक्या (नांदेड)
ताई, हे ओहोटीचं कुणीच सांगितलं नव्हतं. नांदेडकराला गोदावरीचा पूर माहीत, समुद्राचं येणं-जाणं कुठून कळणार. म्हणजे ५ नंबरला पोहायला मिळणारच नाही का? की वेळ बघून जमतं? कुणी नीट समजावून सांगेल का.

सासर_गुहागर (मूळ अंबाजोगाई)
मी सांगते, लग्नानंतर हेच शिकले आधी.

दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं, कधी त्याहून थोडी जास्त पुढं सरकते. म्हणजे आज सकाळी आठला भरती असेल तर चार दिवसांनी ती अकरा-साडेअकराकडं जाईल. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. अंदमानात उधाणाला पाण्याची पातळी दोनेक मीटरनं वर-खाली होते. आता दोन मीटर म्हणजे फार वाटत नाही, पण किनारा अगदी सपाट असेल तर तेवढ्यानंच पाणी शे-दोनशे पावलं मागं जातं. ५ नंबरला नेमकं हेच होतं. राधानगरचा उतार त्यामानानं बरा आणि तळाला खडक नाहीत, म्हणून तिथं अडत नाही.

तेव्हा मोबाइलवर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, तुमच्या तारखा टाका आणि मग ठरवा. ज्या दिवसांत सकाळी भरती आहे त्या दिवसांत ५ नंबर झकास, उठलं की पाण्यात. ज्या दिवसांत सकाळी ओहोटी आहे त्या दिवसांत तिथं राहून पोहायचं म्हणाल तर चिडचिड होणार. पण ओहोटीही वाया घालवायची गोष्ट नाही हं. खडकांतल्या डबक्यांत जे दिसतं ते बोटीतून दिसत नाही. काळ्या दोरीच्या तुकड्यांसारखे समुद्रकाकडी नावाचे जीव पडलेले असतात, बोटभर मासे अडकलेले असतात, निळ्या ओठांचे शिंपले दगडात रुतून बसलेले असतात आणि सावली पडली की ते ओठ मिटतात. फक्त पायात जुने बूट हवेत आणि प्रवाळावर पाय द्यायचा नाही. दगड वाटतो पण तो जिवंत असतो. २०१० साली पाणी तापून अंदमानातली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती, त्यातून जे वाचलंय आणि नव्यानं वाढतंय त्यावर आपण उभं राहून फोटो काढायचा हे मला बघवत नाही.

दौलताबादी (छ. संभाजीनगर)
ताईंनी फार छान सांगितलं. एलिफंट बीचच्या ट्रेकलाही हेच लागू. वाट साधारण दोन किलोमीटर, पहिला भाग जंगलातून उताराचा, पाऊस झाला असला तर मुळं आणि चिखल, पण सह्याद्रीत फिरणाऱ्याला काहीच नाही. शेवटचा टप्पा मात्र सखल आहे, भरतीत तिथं गुडघाभर पाण्यातून जावं लागतं. २००४ च्या सुनामीनं मारलेली मोठी झाडं तिथं अजून आडवी-उभी आहेत. सकाळीच जा, वनखात्याची माणसं उशिरा सोडत नाहीत. बोटीवाली गर्दी यायच्या आत पोचलात तर स्नॉर्केलिंगला (नळी-चष्मा लावून पाण्यावर तरंगत खाली बघायला) पाणी गढूळ झालेलं नसतं.

राधानगरचा एक मुद्दा मांजराकाठ ताईंनी सोडला. तिथं राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, एक तर फार महाग नाहीतर अगदी साध्या, मधलं कमी. आणि रात्री जेवायला जायचं तर बाजार पार दुसऱ्या टोकाला.

मांजराकाठ (लातूर)
सोडला नाही, मला तो तोटा वाटत नाही. सकाळी सहाला उठून हिंडणारा माणूस रात्री आठला झोपतोच, बाजार हवाय कुणाला. आणि लक्षात घ्या, तिथं जानेवारीत सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पूर्वेला इतकी लांब की आपल्यापेक्षा तासभर आधी उजाडतं आणि तासभर आधी मावळतं. नांदेडच्या सवयीनं नऊला नाश्ता करून निघालात तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा.

आणखी एक विचारत जा बुकिंग करताना : पाणी कुठून येतं. लातूरवाल्याला हे सांगावं लागत नाही, २०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. बेटावर तर रेल्वेही नाही. पावसाचं, विहिरीचं, ओढ्याचं जे आहे ते. तरीही काही ठिकाणी स्विमिंग पूल बांधून ठेवलेत, समोर समुद्र असताना! मी अशा जागी पैसे देत नाही. बादलीनं आंघोळ चालते म्हणणाऱ्या साध्या जागा शोधा, तिथली माणसंही मायेची असतात.

धपाटे_दही
जेवणाचं कुणीच बोललं नाही. हॅवलॉक-नीलला बहुतेक घरं बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या लोकांना तिथं वसवलेलं. त्यामुळं भात, मासे, डाळ, बटाटा. मासे खाणाऱ्याची चंगळ. शाकाहारी असाल तर अडत नाही, पण चौथ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीची आठवण येतेच. धपाटे बांधून न्या, दोन-तीन दिवस टिकतात, आणि शेंगदाण्याची चटणी तर आठवडाभर. ट्रेकला खिशात टाकायलाही बरं.

अजून एक : वाळूतल्या माश्या. डासापेक्षा बारीक, चावलेलं तेव्हा कळत नाही, रात्री खाज सुटते आणि आठवडा पुरते. सकाळ-संध्याकाळ ओल्या वाळूवर उघड्या अंगानं लोळू नका. खोबरेल तेल जाडसर लावलं की बऱ्यापैकी सुटका होते.

बालाघाटचा_गडी (बीड)
सगळे हॅवलॉक हॅवलॉक करायलेत म्हणून मी येगळं सांगतो. खरंच चढाई-बिढाईवाले असाल तर दिगलीपूरला जा. उत्तर अंदमान. तिथं सॅडल पीक आहे, ७३२ मीटर, अख्ख्या अंदमान-निकोबारात सर्वांत उंच. कळसूबाईच्या निम्मंही नाही असं म्हणाल, पण हितं चढाई समुद्राच्या पाण्यापासून सुरू होते, आधी किनाऱ्यानं चालायचं, मग घनदाट जंगल, आणि दमटपणा असा की अंगातलं पाणी निचरून निघतं. कालीपूरला राहायचं, ट्रेक तिथूनच. हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावर रात्री कासवं अंडी घालायला येतात. एरियल बेहून बोटीनं रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं, मधी वाळूचा दांडा, ओहोटीला एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जायचं. गर्दी जवळपास नाही.

दौलताबादी (छ. संभाजीनगर)
@बालाघाटचा_गडी जागा सोन्यासारखी आहे भाऊ, पण आठवड्यात बसत नाही. पोर्ट ब्लेअरहून रस्त्यानं ३०० किलोमीटरच्या वर, मधे जारवा आदिवासींचं राखीव जंगल, तिथून गाड्या ठरावीक वेळी ताफ्यानंच सोडतात. जायला एक दिवस, यायला एक दिवस, सॅडल पीकला एक दिवस. मग पाण्याखालचं राहूनच जातं. पहिल्या खेपेला हे नको.

बालाघाटचा_गडी (बीड)
बसतंय. हॅवलॉक सोडलं की बसतंय. ज्याला गर्दी नको त्यानं गर्दीच्या जागी तीन नंबर का पाच नंबर याचा हिशोब कामून करायचा? पण हां, त्या जंगलातून जाताना एक पाळा : गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. ती माणसं हायेत, प्राणिसंग्रहालय नाही. कायद्यानं बंदी हायेच, पण कायदा नसता तरी.

मास्तरीणबाई (परभणी)
या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि कितीही भटके असलात तरी पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलसाठी अर्धा दिवस ठेवा. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधलं ते. कोठड्यांच्या सात रांगांपैकी आता तीन उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीच्या दारात उभं राहिलं की समजतं, एकाही खिडकीतून दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसू नये अशी रचना केलेली आहे, प्रत्येक रांगेचं तोंड पुढच्या रांगेच्या पाठीकडं. मी पोरांना हे फळ्यावर आकृती काढून शिकवते.

गावाचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे बरं का, बोर्डावर तेच दिसेल, गोंधळू नका.

सुखना_व्ह्यू
मगरींचं कुणी बोलेल का? मी वाचलं होतं की हॅवलॉकला मगर आहे.

दौलताबादी (छ. संभाजीनगर)
आहे, आणि लपवायचं कारण नाही. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात सगळीकडं आहे. २०१० साली हॅवलॉकला एक अमेरिकन तरुणी स्नॉर्केलिंग करताना मगरीच्या हल्ल्यात गेली, राधानगरच्या बाजूलाच. म्हणून कांदळवन, खाडीचं तोंड, संथ गढूळ पाणी इथं पोहायचं नाही, अंधारात तर कुठंच नाही. जिथं पाटी लावलीय तिथं पाटीवर विश्वास ठेवायचा. राधानगरला जीवरक्षक असतात, अंधार पडायच्या आत ते पाण्याबाहेर काढतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

कांदळवनातून रात्री कयाकिंग करायचं असेल तर माहीतगार माणसाबरोबरच. अमावस्येच्या आसपासच्या काळोख्या रात्री वल्हं मारलं की पाणी निळं पेटतं, सूक्ष्म जीवांचा उजेड. पौर्णिमेला हे फिकं पडतं, तेव्हा तिथी बघून ठरवा.

नीलचा_नाद (जालना)
उशिरा आलो, पण नीलची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो.

नील (शहीद द्वीप) एवढं लहान आहे की सायकलवर एका दिवसात आरामात बघून होतं. स्कूटर लागतच नाही. सगळी शेती : केळी, भाजी, मधूनमधून भाताची रानं, आणि रस्ता संपतो तिथं समुद्र. भरतपूरला किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की प्रवाळं, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बाजूला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिच्यापर्यंत ओहोटीलाच जाता येतं. म्हणजे हॅवलॉकला ज्या ओहोटीनं अडवलं तीच इथं कामाला येते. बहुतेक सहली दुपारी भरतपूरला उतरतात, फोटो काढतात आणि परत जातात. संध्याकाळी बेट गावकऱ्यांचं आणि तुमचं.

जंगल मात्र हॅवलॉकसारखं नाही, डायव्हिंगची सोय आहे पण निवड कमी. दोन रात्री पुरतात.

मांजराकाठ (लातूर)
नीलबद्दल पूर्ण सहमत. मी तर म्हणेन दोन बेटं करा, एकाच बेटावर आठवडा काढू नका.

गोदाकाठचा_भटक्या (नांदेड)
मंडळी, एवढं कुणी आपुलकीनं लिहील असं वाटलं नव्हतं. दोघांनी बसून सगळं वाचलं, तिनं वहीत उतरवूनही घेतलं. बालाघाटच्या गड्याचं दिगलीपूर तिला फार आवडलंय, पुढच्या वेळेसाठी ठेवलंय.

आत्ता असं जमवायलोत : उतरल्या दिवशी जेल, दुसऱ्या दिवशी नील, तिथं दोन रात्री. मग हॅवलॉकला राधानगरला एक रात्र, एलिफंट बीचचा ट्रेक. मग उरलेल्या रात्री ५ नंबरला, ओपन वॉटर कोर्स, आणि शेवटच्या दिवशी सकाळची डाइव्ह करून बोटीनं येऊन संध्याकाळचं विमान. बरोबर बसतंय का?

दौलताबादी (छ. संभाजीनगर)
नाही! शेवटचं अजिबात नाही. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. अनेक डाइव्ह केल्या असतील तर निदान १८ तास, चोवीस ठेवले तर उत्तम. शिवाय डाइव्हच्या आदल्या दिवसांत सर्दी झाली तर कान उघडत नाहीत, कोर्स शेवटी ठेवला तर मग तो सुटतोच. कोर्स आधी करा, नील शेवटी.

नीलचा_नाद (जालना)
आणि बोटीनं त्याच दिवशी विमान धरायचं नाही. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, जानेवारीत कमी होतं पण होतं. आमच्या डोळ्यांदेखत जेट्टीवर एक कुटुंब रडवेलं झालेलं, विमान गेलं. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.

सासर_गुहागर (मूळ अंबाजोगाई)
तारखा मला कळवा, मी वेळापत्रक बघून देते. क्रम असा लावा : पहिल्या दिवशी उतरून जेल, दुसऱ्या सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. कोर्स ५ नंबरला, दुपारी रिकामं झालात की ओहोटीची डबकी. कोर्स झाला की सामान उचलून राधानगरला एक रात्र, सकाळी तिथं पोहणं, मग एलिफंट बीच. त्यानंतर नील एकच रात्र मिळेल, ती ओहोटीच्या वेळेवर बसवू म्हणजे कमानीपर्यंत जाता येईल. मग पोर्ट ब्लेअर आणि दुसऱ्या दिवशी विमान.

शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकू नका, विमानतळावर तपासतात आणि वन्यजीव कायदा लागतो.

गोदाकाठचा_भटक्या (नांदेड)
१६ ला पोचायलोत, २३ ला दुपारचं विमान. ताई, बघून सांगा, तोवर नीलच्या बोटीचं तिकीट थांबवतो.